मनगटाची दोन शतके : एका चुकीच्या निदानापासून धातूच्या पट्टीपर्यंत

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

पडणाऱ्या माणसाचे हात आपोआप पुढे येतात. पावसाळ्यातील शेवाळलेली पायरी असो, की डब्लिनमधील दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा बर्फाळ फरसबंदी रस्ता असो; डोके आणि छाती वाचवण्यासाठी शरीर तळहाताला पुढे पाठवते आणि सारा भार मनगट झेलते. म्हणूनच मनगटाजवळचा अस्थिभंग हा मानवजातीच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत नित्याच्या दुखापतींपैकी एक आहे. आणि तरीही, वाचकहो, शल्यविद्येच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट अशी की हजारो वर्षे डोळ्यांसमोर असलेली ही दुखापत नेमकी काय आहे, हेच युरोपातील शल्यविशारदांना एकोणिसाव्या शतकापर्यंत नीट कळलेले नव्हते.

आधी थोडी शरीररचना, कारण तिच्यावाचून पुढचे काही समजणार नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. मनगटापाशी रेडियस रुंद होते आणि तळहाताचा भार प्रामुख्याने तेच पेलते. त्याच्या पलीकडे आठ लहान हाडे दोन रांगांत बसवलेली असतात. त्यांतील दोन नावे लक्षात ठेवावीत : होडीच्या आकाराचे स्कॅफॉइड आणि चंद्रकोरीसारखे ल्युनेट. रेडियसच्या या रुंद टोकाचे कवच पातळ आणि आतले हाड सच्छिद्र, जाळीदार असते. तळहातावर पडल्यावर ते तिथेच मोडते, तुटलेला तुकडा हाताच्या पाठीकडे सरकतो आणि मनगटाला जेवणाच्या काट्यासारखा बाक येतो.

हा बाक पाहून जुन्या शल्यविशारदांनी एकच निष्कर्ष काढला : मनगट निखळले आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात मनगट वेगवेगळ्या दिशांना निखळण्याचे वर्णन आहे. पुढील वैद्यांनी ते प्रमाण मानले. बाहेरून पाहता चूक समजण्याजोगी होती. सूज इतकी असते की बोटाने हाड चाचपता येत नाही, आणि क्ष-किरण तर अजून जन्माला यायचे होते.

या चुकीची किंमत रुग्ण मोजत असे. निखळलेला सांधा एकदा जागेवर बसला की सहसा तिथेच राहतो. म्हणून उपचार करणारा हात ओढून सांधा ‘बसवी’, पट्टी बांधी आणि निश्चिंत होई. मोडलेल्या हाडाचे तसे नसते. पाठीकडचा सच्छिद्र भाग चेपून तिथे पोकळी झालेली असते. ओढ सोडताच तुकडा पुन्हा मागे ढळतो. महिनाभराने पट्टी निघे तेव्हा बाक तसाच असे, आणि बोटे ताठ झालेली असत.

आपल्याकडे काय होते, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘भग्न’ या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात पहिलीच विभागणी ही आहे : संधिमुक्त, म्हणजे सांधा सुटणे, आणि कांडभग्न, म्हणजे हाड मोडणे. पहिल्याचे सहा प्रकार आणि दुसऱ्याचे बारा. चिकित्सास्थानात वृक्षांच्या साली आणि बांबू यांच्या ‘कुशा’ बांधायला सांगितल्या आहेत. पट्टी सैल झाली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळली तर सूज, वेदना व पू होतो, असा इशाराही आहे. आपल्या गावोगावच्या हाडवैद्यांच्या बांबूच्या कामट्या पाहिल्या की ही परंपरा किती लांबवर पोचली ते कळते. मला त्या अध्यायातील सर्वांत लोभस वाटते ती एक साधी सूचना. हाताचा तळवा मोडलेल्या माणसाने बरे होताना आधी मऊ गोळा हातात धरावा आणि बळ आल्यावर दगड धरावा. फिजिओथेरपीच्या खोलीत आज रुग्णाच्या हातात दिला जाणारा रबरी चेंडू याच घराण्यातला. मात्र सुश्रुताने मनगटाजवळचा हा विशिष्ट अस्थिभंग वेगळा ओळखला होता, असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. अभिमानाच्या भरात असे दावे आपण सर्रास करतो. ते टाळलेले बरे.

आता डब्लिनकडे वळू.

अब्राहम कॉलिस यांचा जन्म १७७३ साली आयर्लंडमधील किल्केनीजवळ झाला. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. नदीला पूर आला, गावच्या डॉक्टरच्या घराचा काही भाग वाहून गेला आणि शरीररचनेचे एक पुस्तक कॉलिस यांच्या शेतात येऊन पडले. मुलाने ते परत नेऊन दिले. त्याची उत्सुकता पाहून डॉक्टरने पुस्तक त्यालाच देऊन टाकले. कथा खरी असो वा रचलेली, मुलगा पुढे शल्यविशारद झाला आणि वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, १८०२ मध्ये, आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा अध्यक्ष झाला. डब्लिनच्या डॉक्टर स्टीव्हन्स हॉस्पिटलमध्ये त्यांनी अनेक दशके काम केले.

१८१४ साली एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक छोटा लेख आला. अवघी चार-पाच पाने. विषय : रेडियसच्या मनगटाकडील टोकाचा अस्थिभंग. कॉलिस यांनी ठामपणे मांडले की मनगट निखळले आहे असे ज्याला समजले जाते, ते बहुतेक वेळा हाड मोडलेले असते. त्यांची परीक्षा साधी होती. एका हाताने रुग्णाचा हात ओढून धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी बाक दाबायचा. बाक नाहीसा होतो. ओढ सोडायची, बाक लगेच परत येतो. निखळलेला सांधा असे वागत नाही. आणि उपचारही त्यातूनच निघाला : केवळ हाड बसवून भागणार नाही, ते पत्र्याच्या पट्ट्यांनी धरून ठेवले पाहिजे.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. या अस्थिभंगाचे शवविच्छेदन करून पाहण्याची संधी कॉलिस यांना तोवर मिळालेली नव्हती. क्ष-किरण नव्हते, भूल नव्हती, मोडलेल्या हाडाचा नमुना हातात नव्हता. जे काही होते ते बोटांच्या टोकांनी घेतलेले ज्ञान आणि त्यावरची तर्कशुद्ध मांडणी. हाड नेमके कुठे मोडते याचा त्यांचा अंदाज थोडा चुकला. त्यांनी ते सांध्यापासून साधारण दीड इंच वर मानले, प्रत्यक्षात ते बहुधा त्याहून खाली मोडते. मुख्य सिद्धांत मात्र अचूक होता.

त्याच लेखात आणखी एक विधान आहे, आणि पुढील दोनशे वर्षांचा वाद त्यातच दडलेला आहे. कॉलिस यांचे म्हणणे असे की उपचार न झालेल्या रुग्णाला दीर्घकाळ त्रास होतो, परंतु कालांतराने हात वेदनामुक्त होतो आणि त्याच्या हालचाली मोकळ्या होतात. बाक मात्र जन्मभर राहतो. म्हणजे हाड वाकडे आणि हात कामाचा. हे खरे असेल तर हाड सरळ करण्यासाठी किती आटापिटा करावा? हा प्रश्न ध्यानात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

कॉलिस हे पहिले नव्हते, हेही सांगायला हवे. फ्रान्समधील लियाँ शहराचे शल्यविशारद क्लोद पुतो यांनी हीच गोष्ट आधी ओळखली होती. ते १७७५ मध्ये वारले आणि त्यांचे लेखन १७८३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. पण ना फ्रान्समध्ये कोणी फारसे लक्ष दिले, ना इंग्रजी जगात ते पोचले. फ्रेंच डॉक्टर आजही या अस्थिभंगाला ‘पुतो-कॉलिस’ म्हणतात, आणि त्यात राष्ट्राभिमानाबरोबर न्यायही आहे. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील गियोम द्युपुईत्रेन यांनी नंतर आपल्या अधिकारवाणीने मनगट निखळण्याची जुनी कल्पना मोडीत काढली. त्यांच्यापाशी कॉलिस यांच्याकडे नसलेली गोष्ट होती : शवविच्छेदनाचा भरपूर पुरावा. उंचावरून पडून मेलेल्यांची मनगटे उघडून त्यांनी दाखवली. गंमत अशी की त्यांच्या प्रभावामुळे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मनगट खरोखर निखळतच नाही, असे अनेकांना वाटू लागले. ते निखळते, फार वाईट रीतीने निखळते, हे कळायला क्ष-किरणांची वाट पाहावी लागली.

कॉलिस यांचे नाव या अस्थिभंगाला कायमचे चिकटवण्याचे श्रेय त्यांच्या डब्लिनकर उत्तराधिकाऱ्याला, रॉबर्ट विल्यम स्मिथ यांना जाते. १८४३ मध्ये कॉलिस वारले तेव्हा त्यांच्या शवाची तपासणी स्मिथ यांनीच केली. १८४७ साली स्मिथ यांनी सांध्यांजवळील अस्थिभंगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात उलट प्रकारही सांगितला, ज्यात तुकडा पाठीकडे न जाता तळहाताकडे सरकतो. तो आज स्मिथ यांच्या नावाने ओळखला जातो. त्याआधी, १८३८ मध्ये, फिलाडेल्फियाच्या जॉन ऱ्हिया बार्टन यांनी सांध्याच्या पृष्ठभागाचाच एक कडा तुटून हात सोबत घेऊन सरकण्याचा प्रकार वर्णिला होता. अशी नावांची माळ तयार झाली. वैद्यकाचे विद्यार्थी आजही ती पाठ करतात आणि परीक्षेत उलटसुलट लिहितात.

मग शस्त्रक्रिया का नव्हती? कारण कातडी उघडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होते. कॉलिस गेले त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १८४६ मध्ये, बोस्टनला इथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्याने वेदना थांबली, पू थांबला नाही. ज्या अस्थिभंगात हाड कातडीबाहेर आलेले असे, त्यात हात किंवा पाय कापून टाकणे हाच अनेकदा शहाणपणाचा मार्ग मानला जाई. ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी ऑगस्ट १८६५ मध्ये एका मुलाच्या पायाच्या अशा उघड्या अस्थिभंगावर कार्बॉलिक आम्लाची पट्टी बांधली आणि जखम पू न होता भरली. १८६७ मध्ये ते लेखरूपाने जगासमोर आले. त्यानंतरच धडधाकट कातडी मुद्दाम उघडून आतले हाड जोडण्याचा विचार कोणी करू शकला.

दरम्यान मनगटाचा उपचार प्लास्टरकडे गेला होता. डच लष्करी शल्यविशारद अँतोनियस मथायसेन यांनी १८५२ मध्ये जिप्समची भुकटी चोळलेल्या पट्ट्या ओल्या करून गुंडाळण्याची रीत प्रसिद्ध केली. पट्टी मिनिटांत कडक होई. आज ‘प्लास्टर घातले’ असे आपण सहज म्हणतो, त्याचा हा उगम. पण प्लास्टरलाही मर्यादा होती. रेडियसचा तुकडा मागे ढळू नये म्हणून काही डॉक्टर मनगट पूर्ण खाली वाकवून प्लास्टर घालत. त्या स्थितीत तळहाताकडे जाणारी मुख्य नस दबते, बोटे सुन्न होतात आणि हात दीर्घकाळ कामातून जातो. हाड जागेवर राही आणि हात जाई, असाही प्रकार घडे.

८ नोव्हेंबर १८९५. व्यूर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना अज्ञात किरणांचा शोध लागला. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताची प्रतिमा घेतली. बोटातील अंगठीसह हाडे दिसली. हात हा क्ष-किरणांचा पहिला प्रसिद्ध विषय ठरला आणि मनगटाच्या विद्येला अचानक डोळे फुटले. लियाँचे एतियेन देस्तो यांनी १८९६ च्या आरंभीच क्ष-किरणांचे काम हाती घेतले आणि मनगटाच्या दुखापतींवर आयुष्य वेचले. पुतो यांच्याच शहरात, हा योगायोग मला आवडतो. ज्याला तोवर ‘मुरगळले आहे, शेका’ म्हणून घरी पाठवले जाई, त्यात कितीतरी वेळा स्कॅफॉइड मोडलेले असे किंवा ल्युनेट आपल्या जागेवरून उलटून तळहाताच्या बाजूला आलेले असे. १९१० मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट कीनबॉक यांनी ल्युनेट मरून खचत जाण्याचा विकारही याच किरणांनी दाखवला.

१९०५ मध्ये बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन आणि हेन्री चेस यांनी स्कॅफॉइडचा अस्थिभंग आणि ल्युनेटचे निखळणे यांवर मोठा लेख लिहिला. कॉडमन हे विक्षिप्त आणि सरळ गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे होते की प्रत्येक रुग्णाचा किमान वर्षभर माग काढावा, शेवटी त्याचे काय झाले ते लिहून ठेवावे, आणि शस्त्रक्रिया फसली असेल तर का फसली ते उघड सांगावे. ऐकायला साधे वाटते. पण प्रतिष्ठित सहकाऱ्यांना ते झोंबले. १९१४ मध्ये कॉडमन यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची नोकरी सोडली आणि पुढल्या वर्षी शहरातील बड्या डॉक्टरांची खिल्ली उडवणारे व्यंगचित्र भर सभेत उघडून आणखी शत्रू केले. मनगटाच्या इतिहासात त्यांचे स्थान एका लेखापुरते नाही. ‘शेवटी रुग्णाचे काय झाले?’ हा त्यांचा प्रश्न शंभर वर्षांनी सर्व शल्यविशारदांच्या टेबलावर येणार होता.

हाडात धातू बसवण्याचे प्रयोग एव्हाना सुरू झाले होते. लंडनचे आर्बथनॉट लेन पोलादी पट्ट्या बसवत होते, बेल्जियममध्ये आल्बाँ लाँबॉत. परंतु शरीरातील खाऱ्या द्रवात साधे पोलाद गंजे, आणि पट्टी एका धातूची व स्क्रू दुसऱ्या धातूचा असला तर त्यांच्यात अक्षरशः विद्युतघट तयार होऊन भोवतालचे हाड विरघळे. अमेरिकेत व्हेनेबल आणि स्टक यांनी १९३७ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले आणि त्यानंतर न गंजणाऱ्या मिश्रधातूंचा मार्ग खुला झाला. मनगटासाठी मात्र फार काळ पट्टीपेक्षा तार अधिक कामी आली. मार्टिन कर्शनर यांनी १९०९ मध्ये आणलेली ही बारीक ताठ तार कातडीतून थेट हाडात घालता येते, मोठी चीर द्यावी लागत नाही. फ्रान्सचे आद्लबेर कापांजी यांनी १९७६ मध्ये तिला नवी युक्ती दिली : तार हाडात घालण्याऐवजी भंगाच्या फटीतच घालायची, तरफेसारखी उचलून ढळलेला तुकडा वर आणायचा आणि मग पलीकडच्या कवचात रोवायची. खर्च कमी, वेळ कमी.

दुसरा मार्ग बाहेरून होता. भंगाच्या वर आणि खाली हाडांत खिळे घालून ते कातडीबाहेरच्या दांड्याने जोडायचे आणि ताण द्यायचा. सांध्याभोवतीची अस्थिबंधने ताणली गेली की त्यांना चिकटलेले तुकडे आपोआप ओळीत येतात. घडी पडलेला ओला पडदा दोन टोकांनी ओढला की सुरकुत्या जातात, तसे. व्हिएन्नाचे लोरेंझ ब्योलर खिळे आणि प्लास्टर एकत्र वापरत असत. पुढे हा दांड्याचा सांगाडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगलाच रुळला.

स्कॅफॉइडची कथा वेगळी आणि अधिक जिकिरीची. या होडीच्या आकाराच्या हाडाला रक्त उलट्या वाटेने मिळते. बहुतांश रक्तवाहिन्या बोटांकडील बाजूने शिरतात आणि मागे कोपराकडे वाहतात. हाड मध्ये मोडले की मागचा तुकडा उपाशी राहतो. तो जुळत नाही, कधी मरतो, आणि काही वर्षांत सगळे मनगट झिजू लागते. या दुखापतीचे रुग्ण बहुधा तरुण : खेळाडू, दुचाकीवरून पडलेले, उमेदीच्या वयातले. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडच्या हेर्मान माटी यांनी न जुळलेल्या हाडाची पोकळी कोरून त्यात रुग्णाच्याच दुसऱ्या हाडाचा चुरा भरण्याची रीत सांगितली. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या ऑटो रुसे यांनी ती सुधारली. खरी कल्पकता मात्र सिडनीच्या टिमथी हर्बर्ट यांची. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्क्रूला डोकेच नव्हते. दोन्ही टोकांना आटे, पण त्यांचा पेच वेगवेगळा. पुढचा आटा एका फेऱ्यात जास्त पुढे जातो, मागचा कमी. त्यामुळे स्क्रू फिरत जाताना दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात. डोके नसल्याने सबंध स्क्रू हाडात गडप होतो आणि सांध्यात काही टोचत नाही. सुताराला ही युक्ती ऐकवली तर तो लगेच मान डोलावील.

मनगट निखळण्याचा प्रश्नही याच काळात उलगडला. १९८० मध्ये मेफील्ड आणि सहकाऱ्यांनी मृतांच्या मनगटांवर भार देऊन दाखवले की ल्युनेटभोवतीची बंधने एका ठरावीक क्रमाने, चार टप्प्यांत, अंगठ्याकडून करंगळीकडे फाटत जातात. चौथ्या टप्प्यात ल्युनेट तळहाताच्या बाजूला फेकले जाते आणि नसेवर दाब येतो. अशा दुखापतीला बंद उपचार बहुधा पुरत नाही. उघडून हाडे जागेवर आणणे, बंधने शिवणे आणि तारांनी धरणे आवश्यक असते. तरीही १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६६ रुग्णांच्या पाहणीत अशा चारांपैकी एका दुखापतीचे निदान सुरुवातीला हुकलेले आढळले. क्ष-किरण हातात असूनही. द्युपुईत्रेन यांची सावली फार लांब पडली होती, असे मनात येते.

आता पट्टीकडे. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन एओ ही संघटना स्थापन केली आणि धातूच्या पट्ट्या-स्क्रूंचे शास्त्र शिस्तीत बसवले. रेडियसचा तुकडा पाठीकडे ढळतो, म्हणून पट्टी पाठीकडूनच लावावी, हा विचार स्वाभाविक होता. पण मनगटाच्या पाठीवर बोटे उचलणारे स्नायुतंतू थेट हाडाला लागून सरकतात. धातूवर घासून ते सुजत आणि कधी तुटत. मायामीचे होर्हे ओर्बाय यांनी उलट बाजू निवडली. २००० च्या सुमारास त्यांनी तळहाताकडून चीर देऊन, तिथल्या चौकोनी स्नायूखाली पट्टी बसवायची पद्धत मांडली. तिथे जागा आहे आणि स्नायूचे आच्छादनही. स्क्रू पट्टीत आट्यांनी घट्ट अडकतात, म्हणून वृद्धांच्या ठिसूळ हाडातही सगळी रचना एका टेबलासारखी सांध्याचा पृष्ठभाग खालून तोलून धरते. काही आठवड्यांचे प्लास्टर टळते, बोटे लवकर हलतात. ही पद्धत जगभर वणव्यासारखी पसरली.

आणि इथेच कॉलिस यांचा जुना प्रश्न परत आला. प्रतिमेत सरळ दिसणारे हाड आणि कामाचा हात, या दोन गोष्टी एकच आहेत का? १९५१ मध्ये गार्टलँड आणि वर्ली या अमेरिकी डॉक्टरांनी प्लास्टरने बरे झालेल्या ६० रुग्णांची तपासणी करून जवळपास एक तृतीयांश निकाल असमाधानकारक ठरवले होते. कॉलिस फार आशावादी होते, असा त्याचा अर्थ घेतला गेला आणि शस्त्रक्रियेला बळ मिळाले. मग २०११ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे ६५ वर्षांवरील ७३ रुग्णांची पट्टी आणि प्लास्टर अशी तुलना झाली. पट्टीवाल्यांची हाडे प्रतिमेत अधिक सरळ होती. वर्षअखेर हालचाल, वेदना आणि दैनंदिन कामे यांत फरक नव्हता. २०१४ मध्ये ब्रिटनमधील १८ रुग्णालयांत ४६१ प्रौढांवर झालेल्या चाचणीत ओर्बाय यांच्या धर्तीची महाग पट्टी आणि कर्शनर यांची साधी तार समोरासमोर उभी राहिली. बारा महिन्यांनी रुग्णांच्या सांगण्यानुसार दोन्ही सारख्याच. २०२२ मध्ये त्याच मालिकेतील पुढची चाचणी आली. ५०० रुग्ण, हाड बसवल्यानंतर तार की नुसते साचेबद्ध प्लास्टर. वर्षअखेर पुन्हा फरक नाही. पण एक आकडा विसरू नये : प्लास्टर गटातील १३ टक्के रुग्णांचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत ढळले आणि त्यांना शस्त्रक्रिया करावीच लागली. ‘ओढ सोडली की बाक परत येतो’ ही १८१४ ची परीक्षा त्या १३ टक्क्यांत जिवंत आहे.

स्कॅफॉइडचेही तसेच. २०२० मध्ये ४३९ प्रौढांवरील ब्रिटिश चाचणीत फारसा न ढळलेला भंग लगेच स्क्रूने जोडणे आणि आधी प्लास्टर घालून, न जुळल्यास तत्काळ शस्त्रक्रिया करणे, यांत वर्षाअखेर फरक आढळला नाही.

या आकड्यांवरून कोणी ‘मग शस्त्रक्रिया हवीच कशाला’ असे म्हणेल तर ती घाई होईल. कातडीबाहेर आलेले हाड, दबलेली नस, निखळलेले ल्युनेट, बार्टन यांनी वर्णिलेला सरकता कडा, यांत कोणी नाणे उडवून उपचार ठरवत नाही. अशा रुग्णांना या चाचण्यांत मुळात घेतलेलेच नसते. आणि तरुणांचे काय, हा वाद तर अजून धगधगतो आहे. १९८६ मध्ये क्नर्क आणि ज्युपिटर यांनी तरुणांच्या सांध्यापर्यंत गेलेल्या ४३ अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सांध्याचा पृष्ठभाग सपाट जुळला होता तिथे ११ टक्क्यांना झीज झाली; पायरी राहिली तिथे ९१ टक्क्यांना; आणि पायरी २ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर सगळ्यांनाच. या एका लेखाने दोन दशके जगभरच्या शस्त्रक्रियागृहांतील निर्णय ठरवले. २ मिलिमीटर हा मंत्र झाला.

१९९७ मध्ये दुसऱ्या एका गटाने अशाच २१ तरुणांना सरासरी सात वर्षांनी पुन्हा तपासले. १६ जणांच्या प्रतिमांत झीज दिसत होती. हात मात्र सर्वांचे चांगले किंवा उत्तम चालत होते. पुढे २००९ मध्ये जेसी ज्युपिटर यांनी एका सहकाऱ्यासह स्वतःचाच १९८६ चा लेख पुराव्याच्या आजच्या कसोटीवर घासून पाहिला आणि त्यातील मोजमापांच्या व पद्धतीच्या उणिवा त्याच नियतकालिकात छापल्या. कॉडमन यांनी जे मागितले होते, ते एका शल्यविशारदाने तेवीस वर्षांनी स्वतःच्या कामाबाबत केले. २ मिलिमीटरची रेषा तरीही आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे, आणि क्ष-किरणाची प्रतिमा पाहताना डॉक्टरांची नजर आधी तिथेच जाते.